१०९ फूट खोल विहिरीचं ग्रीन्सबर्ग: हे गाव आहे तरी कसं? कुणी पाहिलंय का?

औशाची लेक

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून अमेरिकेत आहे, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. मागच्या रविवारी त्यानं घरच्या ग्रुपवर एका विहिरीचा फोटो टाकला. गोल, आतून दगडानं बांधलेली, कडेकडेनं खाली उतरायला जिना. खाली लिहिलं होतं, 'ताई, ही माणसांनी हातानं खोदलेली आहे. १०९ फूट. अण्णांना दाखव.'

अण्णा म्हणजे आमचे वडील. आमचा आजा पंचक्रोशीत विहिरीच्या कामावर मुकादम होता, अण्णाही तरुणपणी त्याच्यासोबत सुरुंगाच्या कामाला जायचे. फोटो बघून अण्णांनी आधी बोटांवर हिशेब केला. 'सहा फुटांचा परस धरला तर अठरा परस झाली की गं. यारी नव्हती तेव्हा? मग माती वर कशानं काढली?' फोन करून भावाला तेच विचारलं. त्याला काही सांगता येईना. मग अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला, गावाची वस्ती किती? भाऊ म्हणाला, पाटीवर सातशेच्या वर काहीतरी आहे. आणि म्हणाला, २००७ साली टॉर्नेडोनं अख्खं गाव झोपवलं होतं, हे जे दिसतंय ते सगळं त्यानंतर बांधलेलं आहे.

हे ऐकलं आणि अण्णा एकदम गप्प झाले. जेवताना मला एवढंच म्हणाले, 'त्या लोकांनी गाव त्याच जागेवर बांधलं का हलवलं, विचार.'

आम्ही किल्लारीजवळच्या एका गावचे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या आत-बाहेर ते झालं. आमचं माळवदाचं घर, दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. आजी आणि धाकटा चुलता त्याच घरात राहिले. आता आम्ही नव्या गावात आहोत, जुनं गावठाण तिथून तीन किलोमीटरवर. तिथं आता येड्या बाभळी माजल्यात, पण आज्यानं बांधलेली विहीर शाबूत आहे. अण्णा महिन्यातून एकदा तरी तिकडं जाऊन येतात.

म्हणून विचारायलेय. ते गाव कुठं आहे, कधी वसलं, विहीर कशासाठी खोदली, आणि वादळानंतर माणसं परत आली का? इंटरनेटवर इंग्रजीत बरंच आहे, पण अण्णांना वाचून दाखवायला मला आपल्या भाषेत पाहिजे. कुणी तिथं जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा.

ज्वारीवाला, परभणी

ताई, मी जाऊन आलोय, दोनदा. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि पुढं कॅन्ससमध्येच मॅनहॅटन गावच्या विद्यापीठात ज्वारीवर कामाला होतो. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन वेगळं. आता निवृत्त होऊन परत परभणीत आहे. अण्णांना वाचून दाखवणार म्हणताय, म्हणून बसून लिहितो. थोडं लांबेल.

आधी जागा. विचिटावरून ५४ नंबरच्या हायवेनं नाकासमोर पश्चिमेला निघायचं. साधारण पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत प्रॅट नावाचं गाव लागतं, आणि तसंच पुढं गेलात तर डॉज सिटी. ग्रीन्सबर्ग या दोन्हींच्या मधे. सगळा सपाट माळ. आपल्याकडं बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की निदान एखादी टेकडी नजरेला अडते, तिथं काहीच अडत नाही. गाव येण्याआधी पाच-सात मैलांवरून धान्याच्या कोठाराचे उंच पांढरे सिमेंटचे नळकांडे दिसायला लागतात. आपल्याकडं लांबून देवळाचा कळस दिसावा तसे. शेतात गहू आणि ज्वारी. हो, ज्वारी! अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी कॅन्ससमध्येच पिकते. तिथं तिला मायलो म्हणतात. पण बुटकी, कमरेएवढी, तांबड्या दाण्याची, मशीननं कापायची. भाकरी कुणी करत नाही, जनावरांना घालतात नाहीतर इथेनॉल काढतात. पहिल्यांदा ते शेत बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, अरे, हिचा कडबा कुठाय? सोबतच्या अमेरिकन सहकाऱ्याला कडबा ही गोष्ट समजावताना अर्धा तास गेला.

आता इतिहास. ही मुळात कायोवा लोकांची शिकारीची भूमी. तिथला जिल्हा, म्हणजे त्यांची काउंटी, आजही कायोवा याच नावानं आहे. १८६७ साली जवळच्या मेडिसिन लॉज इथं अमेरिकन सरकारनं कायोवा, कोमांची, शायेन वगैरे जमातींशी करार केले आणि त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, राखीव भागात ढकललं. जमीन मोकळी झाली ती अशी. मग १६० एकराचा तुकडा कसून आपल्या नावावर करायला गोरे शेतकरी आले. १८८६ मध्ये गाव वसलं. नाव पडलं ग्रीन नावाच्या एका घोडागाडीवाल्यावरून. टपाल आणि प्रवासी नेणाऱ्या गाड्यांचा त्याचा धंदा होता, गाड्या इतक्या जोरात हाकायचा की लोक त्याला 'कॅननबॉल' म्हणजे तोफगोळा म्हणत. म्हणजे गावाच्या नावातला 'ग्रीन' हिरव्या रंगाचा नाही, माणसाचा आहे. पुढं ते कसं जुळून आलं, तेही सांगतो.

विहीर खोदली १८८७-८८ मध्ये. कारण साधं होतं. सांता फे आणि रॉक आयलंड या दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ या भागात येत होते आणि वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. आसपास बारमाही नदी नाही. मग खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खोली १०९ फूट, रुंदी ३२ फूट. खर्च त्या काळचे सुमारे ४५ हजार डॉलर. मजुरी दिवसाला अर्धा ते एक डॉलर.

अण्णांचा प्रश्न: माती वर कशानं काढली? फावडं, टिकाव, दोर, कप्पी आणि अर्धे कापलेले लाकडी पिंप. एका वेळी बारा-पंधरा माणसं खाली. शेतकरी, गुराखी, कामाच्या शोधात फिरणारे. वर आलेली माती ज्या गाड्यांत भरायची त्यांचे तळ सरकत्या फळ्यांचे होते. गाडी खळग्यावर नेऊन फळ्या सरकवल्या की माती आपोआप खाली. अशी त्या मातीनंच गावचे रस्ते भरून सारखे केले. बांधकामाचा दगड बारा मैलांवरच्या मेडिसिन नदीतून गाडीत घालून आणला.

आणि त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगा, कारण ती त्यांनाच कळेल. तिथं सुरुंग लावावा लागला नाही. आपल्याकडं वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पाषाण लागला की बांधकाम थांबतं, खाली दगडच भिंत होतो, आणि पाणी त्या दगडाच्या भेगेतून येतं. भेग लागली तर नशीब, नाही तर पुढच्या परसाला बघू. तिथं पाषाणच नाही. पार तळापर्यंत वाळू, खडी आणि चिकणमाती, रॉकी पर्वतातून नद्यांनी वाहून आणलेली. त्या वाळूत सगळीकडं पाणी मुरलेलं, भेग शोधायची गरज नाही. पण उलटी भीती: बाजू कोसळते. म्हणून खोदत जाताना दर बारा फुटांवर जाड फळ्यांचा आधार द्यायचा आणि मग दगडाचं कडं बांधायचं. आपल्याकडं अवघड काम फोडायचं, त्यांच्याकडं अवघड काम धरून ठेवायचं. काठावरून खाली बघताना मला सारखं तेच वाटत होतं की ३२ फुटांच्या त्या वाळूच्या नळीत पहिला उतरणारा माणूस कोण असेल.

१९३२ पर्यंत सगळं गाव याच विहिरीचं पाणी प्यायचं. १९३९ पासून ती तिकीट लावून बघायला खुली केली. शेजारी एक उल्का ठेवलीय, हजार पौंडांची, १९४९ मध्ये जवळच्या हॅव्हिलंड भागात सापडलेली. तिथल्या शेतात असे जड काळे दगड पूर्वीपासून निघत. एलायझा किम्बर्ली नावाची एक शेतकरीण ते वर्षानुवर्षं गोळा करून घराजवळ ढीग लावायची, लोक हसायचे. तिचं म्हणणं एकच, हे आभाळातून पडलेत. शेवटी १८९० मध्ये प्राध्यापक आले आणि ते विकत घेऊन गेले. आपल्याकडून लोणार जवळ आहे म्हणून हे सांगितलं, नाहीतर तो विषय वेगळा.

आता ४ मे २००७. शुक्रवार, रात्री पावणेदहाची वेळ. आपल्याकडं ५ तारखेची सकाळची सव्वाआठ. टॉर्नेडोचा झोत २.७ किलोमीटर रुंद होता, म्हणजे गावाहून रुंद. गाव त्याच्या पोटातच गेलं. वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढं. टॉर्नेडो मोजायची नवी पट्टी त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाली होती, तिच्यावर सर्वांत वरची पाचवी श्रेणी मिळालेला हा पहिला. गावातलं ९५ टक्के बांधकाम गेलं. कोठाराचे ते सिमेंटचे नळकांडे आणि १९१४ सालची कचेरीची इमारत उभी राहिली. झाडं उभी होती त्यांचीसुद्धा साल सोलून निघाली होती.

माणसं गेली अकरा. दीड हजार वस्तीच्या गावात, रात्री, सगळं जमीनदोस्त होऊन अकरा. कारण दोन. वीसेक मिनिटं आधी भोंगे वाजले आणि टीव्ही-रेडिओवरून सांगितलं की ताबडतोब खाली जा. आणि खाली जायला जवळजवळ प्रत्येक घराला तळघर होतं. संग्रहालयात काउंटरवर एक सत्तरीच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही दोघं जिन्याखाली गादी अंगावर ओढून बसलो. कान दडपले, मग खिळे उपसल्यासारखा आवाज, मग पाऊस अंगावर आला तेव्हा कळलं की वर छत नाही. त्या हे सांगताना काउंटरवरच्या तिकिटांची चळत दोन्ही हातांनी नीट करत होत्या, पुन्हापुन्हा.

मला तेव्हा किल्लारी आठवली. मी त्या वर्षी परभणीत शिकत होतो, आमची विद्यार्थ्यांची तुकडी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सास्तूरला गेली होती. तुमच्या लोकांना एक मिनिट मिळालं नाही. जमीन भोंगा वाजवत नाही.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर: त्याच जागेवर बांधलं. हलवलं नाही.

तेरणाकाठ

ज्वारीवाले सर, छान लिहिलंत. फक्त एका गोष्टीवर बोलतो. 'जगातली सगळ्यात मोठी हातानं खोदलेली विहीर' असं ते लोक लिहितात, ते तसंच्या तसं घेऊ नये. इटलीत ऑर्व्हिएतोला सोळाव्या शतकातली एक विहीर आहे, १५२७ ते १५३७ मधे झालेली, ५३ मीटर खोल आणि १३ मीटर रुंद. ग्रीन्सबर्गची भरते ३३ मीटर खोल आणि पावणेदहा मीटर रुंद. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ वुडिंगडीनला हातानं खोदलेली तर ३९० मीटर खोल आहे, पण अरुंद. आणि रुंदीचंच म्हणाल तर आपल्या बीड-लातूरकडं पन्नास-साठ फूट रुंदीच्या विहिरी शिवाराशिवारात सापडतील. खोदणाऱ्यांचं मोल यानं तसूभर कमी होत नाही. पण औशाच्या ताईंच्या आज्यानं पाषाण फोडून विहीर केलीय, तर त्यांच्या घरी निदान माप बरोबर पोचावं.

जुना साईट इंजिनिअर

भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर मी चार वर्षं होतो, औसा आणि उमरगा दोन्हीकडं. अण्णांनी 'गाव हलवलं का' हाच प्रश्न का विचारला ते मला समजतं, म्हणून लिहितो.

आपल्याकडं ५२ गावं पूर्ण हलवली. हलवा असं म्हणणारे पुष्कळसे गावकरीच होते. त्या ढिगाऱ्यावर परत झोपायला कुणी तयार नव्हतं. पहिले कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते आणि नवं पक्कं घर तयार झालं तरी रात्री बाहेर अंगणात झोपायचे. स्लॅबखाली झोप लागत नव्हती. मी स्वतः म्हाताऱ्यांना भिंतीतली लोखंडी सळई दाखवायचो, कॉलम दाखवायचो. ते हात लावून बघायचे, मान हलवायचे आणि रात्री परत अंगणात.

घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्यावर ७५०. आखणी सरळ रेषेत, चौकोनी, रुंद रस्ते. कागदावर उत्तम. पण जुन्या गावात गल्ली होती, भावकी भिंतीला भिंत लागून होती, वाड्याच्या आत जनावरं होती. नव्या गावात बैल कुठं बांधायचा हा प्रश्न पहिल्या दिवशी आला. दळण, पाणवठा, पार, सगळ्यांची अंतरं बदलली. शेत मात्र जुन्याच जागी, मग बाईमाणसाला रोजचे तीन किलोमीटर जास्त. ज्यांची गावं उठवली नाहीत, जागेवरच दुरुस्ती केली, अशी घरं मात्र फार मोठ्या संख्येनं होती, दोन लाखांच्या घरात. तिथं आम्ही जुन्या भिंतीत आडवे जोडदगड घालायला, माथ्यावर काँक्रीटचा पट्टा द्यायला आणि माळवदावरची माती कमी करायला शिकवलं. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची सवय, पन्नास वर्षांत दोन-दोन फूट थर चढलेला. मारलं त्या वजनानं.

ज्वारीवाले सर, ग्रीन्सबर्गची घरं लाकडी असतात ना? मग परत बांधताना त्यांनी काय बदललं?

औशाची लेक

सर, तुम्ही दोघांनी लिहिलेलं काल रात्री अण्णांना वाचून दाखवलं. माळवदावरच्या मातीचं वाचलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, त्या वर्षी जूनमध्ये आम्हीच दोन गाड्या पांढरी माती चढवली होती. हे मी आजवर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, वाच पुढं.

फळ्या आणि दगडाच्या कड्याचं त्यांना फार पटलं. म्हणाले, वाळूची विहीर खोदणं म्हणजे छातीचं काम, पाषाण निदान शब्द पाळतो.

आता त्यांना वस्तीचं ऐकायचंय. भाऊ म्हणतो सातशेच्या वर, सर म्हणतात वादळाआधी दीड हजार. मग बाकीचे कुठं गेले?

ज्वारीवाला, परभणी

तेरणाकाठ, दुरुस्ती मान्य, मापं बरोबर आहेत.

इंजिनिअर साहेब, घरं परत लाकडीच, पण जास्त जाड भिंतींची, कमी वीज खाणारी, आणि तळघर किंवा काँक्रीटची सुरक्षित खोली असलेली. खरा बदल सार्वजनिक इमारतींत. वादळानंतर गावानं फेमा या सरकारी यंत्रणेनं दिलेल्या ट्रेलरच्या वस्तीत राहून सभा घेतल्या, मोठ्या तंबूत, शेकडो माणसांच्या. त्यात ठरलं की बांधायचंच आहे तर पुढच्या पिढीला परवडेल असं बांधू. नगर परिषदेनं ठराव केला की चार हजार चौरस फुटांवरची गावाची प्रत्येक इमारत ऊर्जाबचतीच्या सर्वांत वरच्या 'प्लॅटिनम' दर्जाची असेल. असा ठराव करणारं ते अमेरिकेतलं पहिलं गाव. नगरपालिका, शाळा, दवाखाना सगळं तसंच झालं. गावाबाहेर १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या, साडेबारा मेगावॅटच्या. ज्या वाऱ्यानं नेलं त्याच वाऱ्यावर आज दिवे लागतात, हे तिथले लोक खूप मनापासून सांगतात. आणि ग्रीन नाव असलेलं गाव 'ग्रीन' झालं. बॉब डिक्सन नावाचे तिथले महापौर टपाल खात्यात पोस्टमास्तर होते. ते बाहेरच्यांना सांगत, हे काही नवीन नाही, आमच्या आजोबांनी माळावर पवनचक्की लावून पाणी उपसलं होतं आणि मातीच्या ढेकळांची घरं बांधली होती, आम्ही तेच करतोय.

आता वस्ती. हे नीट सांगतो, कारण इथं सगळे चुकतात.

१९६० च्या जनगणनेत ग्रीन्सबर्गची लोकसंख्या होती १,९८८. तीच सगळ्यात जास्त. २००० मध्ये १,५७४. वादळ २००७ चं. २०१० मध्ये ७७७. २०२० मध्ये ७४०. सगळे म्हणतात वादळानं गाव अर्धं केलं. केलं, पण गाव त्याच्या आधी चाळीस वर्षं उतरतच होतं. शेती मशीनवर गेली. पूर्वी १६० एकरांवर एक घर जगायचं, आता हजार-दोन हजार एकर एक कुटुंब, एक मोठा ट्रॅक्टर आणि एक कंबाइन बघतात. मग गावात माणसाचं काम काय? शाळा संपली की पोरं विचिटाला. राहिले ते वयस्क. अख्ख्या कायोवा काउंटीत २०२० ला २,४६० माणसं, आणि क्षेत्रफळ सुमारे १,८७० चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला सव्वा माणूस. आपल्याकडं एखाद्या मोठ्या गावाच्या बाजाराला याहून जास्त गर्दी होते.

वादळानंतर काय झालं? समजा सत्तरीचं जोडपं आहे. जुनं लाकडी घर, विमा जुन्या किमतीचा. आलेल्या पैशात नवं घर होत नाही, कारण नवं दुप्पट महाग. मुलगी प्रॅटला, मुलगा विचिटाला. मुलगी म्हणते, आई, इकडंच ये. ती माणसं गेली आणि राहिली तिकडंच. भाड्यानं राहणारे गेले, कारण भाड्याची घरंच उरली नाहीत. ज्यांचं शेत, ज्यांचं दुकान, ज्यांची नोकरी शाळेत किंवा कचेरीत, ते राहिले.

आणि इथं किल्लारीशी फरक पडतो. आपली माणसं लांब गेली नाहीत, कारण एक-दोन हेक्टर जमीन हीच सगळी पुंजी, आणि ती तेरणेच्या काठाला बांधलेली. गाव तीन किलोमीटर सरकलं, माणूस शेताला धरून राहिला. तिकडं गाव जागचं हललं नाही, माणसं सरकली. आता मात्र आपल्याकडंही त्यांच्यासारखंच सुरू झालंय. तुमच्या नव्या गावात विशी-पंचविशीची किती पोरं आहेत ताई? माझ्या गावातली निम्मी हडपसर-चाकणला आहेत.

शाळेचं एक सांगतो आणि थांबतो. मे महिन्यात गाव गेलं आणि ऑगस्टमध्ये शाळा ट्रेलरमध्ये वेळेवर सुरू झाली. दुसऱ्या वर्षी बरोबर ४ मे रोजी बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ झाला, त्याला राष्ट्राध्यक्ष बुश स्वतः आले होते. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शाळेची नवी इमारत बघितली. पोरं फार थोडी, पण मैदानावर सराव चालू होता आणि आजूबाजूच्या घरांतले म्हातारे खुर्च्या टाकून बघत बसले होते. सामना नव्हता, नुसता सराव.

औशाची लेक

सर, नव्या गावातल्या पोरांचं विचारलंत. मोजून सांगते. आमच्या गल्लीत अकरा घरं. पंचविशीच्या आतले पोरं-पोरी मिळून चौघंच घरी आहेत. दोन पुण्याला, एक लातूरला क्लासला, बाकीचे कुठं कुठं. आणि एक विचिटाला.

अण्णांनी सगळं ऐकलं. १,९८८ आणि ७४० हे दोन्ही आकडे त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलेत. मग म्हणाले, अठरा परस ठीक आहे, पण आपली किती ते कधी मोजलं नाही. काल सकाळी आम्ही दोघं जुन्या गावठाणात गेलो. दोराला दगड बांधून सोडला. काठापासून पाण्यापर्यंत पाच परस, पाण्यात आणखी दीड. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्या उन्हाळ्यात सुद्धा ही तळाला हातभर ओली होती असं अण्णा म्हणतात. वरचं दोन परस बांधकाम आहे, खाली पाषाण. भूकंपात त्या बांधकामाचा एकच दगड निघालाय, ईशान्येच्या बाजूचा. तिथं आता पिंपळाचं रोप आलंय. अण्णा म्हणाले ते काढायला पाहिजे, मूळ आत गेलं तर कडं फुटेल. पुढच्या रविवारी कोयता घेऊन जाणार आहोत.

भाऊ पण त्याच रविवारी परत ग्रीन्सबर्गला जाणार आहे. अण्णांनी त्याला निरोप दिलाय की दगडाच्या सांध्यात चुना आहे का सिमेंट, जवळून फोटो काढून पाठव. सर, तुम्हाला आठवतंय का काय होतं?

ज्वारीवाला, परभणी

नाही आठवत ताई, तेवढं जवळून बघितलं नाही. फोटो आला की इथं टाका. आणि पिंपळ नुसता कापू नका, परत फुटतो. मूळ उकरून काढा आणि त्या भोकात तोच दगड बसवा, खाली पडलेला सापडला तर.